स्तामेनाचं दार आणि राजाची मनाई

राजाने आमच्या मठाला सनद दिली तेव्हा ग्लोगोवो हे गाव होतं की नव्हतं, यावर वाद आहे. राजा मात्र नक्की होता, कारण सनदेच्या तळाशी त्याची लाल शाईतली हातभर लांब सही आहे. सही करून थोड्याच वर्षांत राजा गेला, त्याच्या मागोमाग राज्य गेलं. मग तुर्क आले, शतकानुशतकं राहिले आणि गेले. आपले नवे राजे आले, तेही गेले. कॉम्रेड आले, आपण कायमचे आहोत म्हणाले, आणि गेले. आमच्या डोंगरावरच्या संत पेतकाच्या मठात मात्र त्या पहिल्या राजाचा हुकूम अजून चालू होता. तो चालवणारी बाई म्हणजे स्तामेना. तिच्याकडे सैन्य नव्हतं. गुडघे होते, आणि तेही दुखरे.

सनदेचा बराचसा भाग इनामांचा आहे. आधीच्या राजांनी जे जे दिलं ते ते आम्ही कायम करतो, असं म्हणून राजाने दोन पाणगिरण्या, नदीकाठचं कुरण, अक्रोडांचं रान आणि डोंगरावरची चराई मोजून दाखवली आहे. यातलं आता काही नाही. नदीच धड उरलेली नाही, तर गिरण्या कुठून असणार? कुरण सहकारी शेतीत गेलं, आणि तिथून कुठे गेलं ते सहकारी शेतीलाही सांगता आलं नाही. उरला तो शेवटचा परिच्छेद. तो गावात सगळ्यांना पाठ आहे, ज्यांना प्रार्थना पाठ नाही त्यांनासुद्धा: माझ्या राज्यातला कोणीही अंमलदार, मग तो कर वसूल करणारा असो, धान्य मापणारा असो, वाइनची पिंपं मोजणारा असो, माझे ससाणे सांभाळणारा असो की माझे कुत्रे, त्याने संत पेतकाच्या आवारात पाऊल घालू नये, कोंबडीसुद्धा मागू नये, घातलं तर तीनशे अठरा पवित्र पित्यांचा शाप त्याला लागो आणि त्याची जागा ख्रिस्ताला विकणाऱ्या यहूदाच्या शेजारी असो.

इतर गावांना राजांनी जमिनी दिल्या. त्या राखता राखता तिथली माणसं संपली. आम्हाला मनाई दिली. मनाईचं बरं असतं. तिला खत लागत नाही.

ससाणे आणि कुत्रे सांभाळणारे सरकारी नोकर पुढे उरले नाहीत. त्यांच्या जागी कोणाला धरायचं, हा प्रश्न प्रत्येक पिढीने आपल्या अकलेप्रमाणे सोडवला, आणि शेवटी नियम ठरला तो असा: जो काही घेऊन येतो तो आत, जो काही घेऊन जातो तो बाहेर. पोस्टमन आत. विजेचं मीटर वाचणारा बाहेर, म्हणून मठाचं मीटर बाहेरच्या भिंतीवर आहे. माणसांचा डॉक्टर आत. गुरांचा डॉक्टर बाहेर, कारण तो तपासणीला शेळ्यांचं रक्त घेऊन जातो. जनगणनेचा माणूस म्हणाला, मी तर काहीच नेत नाही. पण तो मोजून गेला की पुढच्या खेपेला माणसं कमीच भरतात, हे आम्ही दर वेळी पाहिलं होतं. तोही बाहेर. दाराबाहेर तुतीखाली एक दगडी बाक आहे. सरकार यायचं ते तिथे बसायचं, आणि स्तामेना त्याला पाणी द्यायची. पाण्याची मनाई नव्हती.

मूळ सनद मठात नाही, हे सांगायचं राहिलं. त्या काळच्या राजांच्या सनदा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि आमची राजधानीत कुठल्याशा तिजोरीत आहे. ती गेली कशी, ते गावात मोठ्याने सांगत नाहीत. स्तामेना तेव्हा नवी नवरी होती. मठातला शेवटचा साधू वारला होता आणि किल्ल्या तिच्या सासऱ्याकडे, विदेनकडे आल्या होत्या. एक दिवस राजधानीहून तीन शिकलेली माणसं आली आणि दाराशी थांबून त्यांनी टोप्या काढल्या. "आम्ही सरकारी," ती आपणहून म्हणाली, "आम्हाला काही आत येता यायचं नाही." सनदेचा एवढा मान ठेवणारं सरकार विदेनने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. "तेव्हा तुम्हीच जरा बाहेर आणून दाखवता का?" त्यांनी विचारलं. विदेनने आणून दाखवली. त्यांनी पाहिली, वाखाणली, काहीतरी गुंडाळायला मागितलं. मेणकापड स्तामेनाने आणून दिलं. पाहुण्यांनी मागितलं की द्यायचं, एवढंच तिला माहेरी शिकवलेलं. मग त्यांनी पोचपावती दिली, हात हलवले आणि सनद घेऊन तिघंही उतरणीला लागली.

अंमलदाराने आवारात पाऊल घातलं नव्हतं. हुकूम तंतोतंत पाळला गेला होता.

पुढे राजधानीहून सनदेचा फोटो आला. तो काचेत घालून देवळात लावला. विदेन त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. मरताना त्याने किल्ल्या मुलाला दिल्या नाहीत, सुनेला दिल्या. "कागद गेला, पोरी," तो म्हणाला, "निदान हुकूम तरी जाऊ देऊ नकोस." मेणकापडाबद्दल त्याने तिला कधीच बोल लावला नाही. लावला असता तर ती चार दिवस रडून मोकळी झाली असती, आणि पुढचं काही घडलं नसतं.

स्तामेनाचा नवरा रांगेल गवंडी होता. घरी बोलायचा कमी, दगडाशी बोलायचा. त्यांना एकच मुलगा, झाहारी. शाळेत तो आणि मी एका वर्गात होतो. हिशेबात हुशार आणि मारामारीत शेवटचा. तालुक्याला जाऊन हिशेबनीसाचं शिकला, आणि सगळ्यांना वाटलं, सहकारी शेतीत चिकटेल. पण तिथे चेअरमनचा मेहुणा आधीच चिकटला होता. झाहारीला मिळाली ती आमच्या आणि शेजारच्या दोन गावांच्या करवसुलीची जागा. स्तामेनाने आनंदाने शेजाऱ्यांना लोकूमच्या गोड वड्या वाटल्या. त्या वेळी तिला काही सुचलं नाही. सुचलं ते ऑक्टोबरात, पेतकाच्या उत्सवाला.

त्या दिवशी मठात कुर्बान असतो. पहाटे मेंढ्या कापतात, मोठ्या हंड्यात मटण शिजतं, अक्रोडाखाली लांब मेज मांडतात आणि अख्खं गाव जेवतं. हंड्याच्या सगळ्यात जवळची जागा किल्ल्या सांभाळणाऱ्या घराची. पहिला डाव त्या घरच्या मुलाच्या वाडग्यात पडतो, मग इतरांच्या. दार दिवसभर उघडं, म्हणून किल्लीवालीने दिवसभर दारात उभं राहायचं आणि उंबरा ओलांडायचा नाही. झाहारी नवा कोट घालून चढण चढून आला. स्तामेनाने चौकटीला हात लावला.

"कुठं निघालास?"

"कुर्बान खायला. सकाळपासून पोटात काही नाही."

"तू नोकरीला लागलास ना?"

"लागलो की. तूच तर गावभर लोकूम वाटलेस."

"कसली नोकरी?"

झाहारी हसला. मग त्याला दिसलं की ती हसत नाही. "आई, आज सुटीवर आहे मी."

"राजाने सुटीचं काही लिहिलेलं नाही."

"राजा मेलाय, आई!"

"मेलेल्याचाच शब्द पाळायचा असतो. जिवंत माणूस स्वतः येऊन बघून घेतो."

मेजावरची माणसं चमचे खाली ठेवून बघत होती. झाहारीने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. पण मारामारीत तो शेवटचाच. तो बाकावर जाऊन बसला. पहिला डाव त्याच्या वाडग्यात पडला, वाडगा त्याच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला आणि नसलेल्या माणसासाठी घालतात तसा चमचा पालथा घातला. दुसरा वाडगा कोणीतरी बाहेर नेऊन दिला. हंडा आवाराच्या पार टोकाला, वाटेत प्रत्येक जण नेणाऱ्याला थांबवून बोलणार. वाडगा बाकापर्यंत पोचेस्तोवर रश्श्यावर चरबीची साय धरलेली असायची. झाहारीने त्यानंतर चाळीसएक वर्षं गार कुर्बान खाल्ला.

नोकरी सोड, असं ती कधी म्हणाली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "म्हटलं असतं तर सोडली असती त्याने. म्हणून नाही म्हटलं." मला हे पुरतं कळायला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही ते पटलेलं नाही.

बाकीचं आयुष्य बाकावर झालं. झाहारीने नेवेनाशी लग्न केलं तेव्हा नवरी आत जाऊन मेणबत्ती लावून आली, नवरा बाहेर घोड्यांशी बोलत राहिला. मुलीचा बाप्तिस्मा आत झाला. तिला पाण्यात बुडवल्यावर तिने टाहो फोडला, तेव्हा दाराच्या गजांतून तो ओरडला, "पाणी कोमट केलंय का विचारा त्या धर्मगुरूला!" धर्मगुरूने आतून कळवलं की बाप्तिस्मा आहे, आंघोळ नव्हे. रांगेल गेल्यावर स्तामेनाने गावातलं घर बंद केलं आणि ती मठातल्या एका खोलीत राहायला आली. म्हणजे झाहारीला आईचं घरही बंद झालं. तो दर रविवारी तालुक्याहून यायचा, बाकावर बसायचा, ती उंबऱ्याच्या आत स्टुलावर. दोघांच्या मधून शेळ्या ये-जा करायच्या. त्यांना कोणी अंमलदार मानलं नव्हतं.

झाहारी वाईट वसूलदार नव्हता. कोणाची गाय त्याने नेली नाही, मुदत मागितली तर द्यायचा. लोक त्याला मठाच्या दाराशी बसलेला बघायचे आणि का कोण जाणे, वेळेवर भरायचे. पुढे कॉम्रेड गेले, वसूलदाराची जागा गेली, तालुक्याला कर कार्यालय झालं, तिथे त्याला खिडकीमागे बसवलं. मग संगणक आला. झाहारी म्हणाला, "आई, आता मी कोणाच्या दारात जात नाही. लोकच येतात माझ्याकडे." ती म्हणाली, "राजाच्या कुत्र्यांकडेही लोकच जात असतील."

तेव्हा एकच वाट उरली होती: निवृत्ती. या वाटेला एक दाखला होता. ग्लिगोर आमच्याकडे सरकारी जंगलरक्षक होता. ऐन उमेदीत त्याला आत मज्जाव होता, आणि निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो टोपी काढून दारातून आत गेला, सगळीकडे फिरला, बाहेर आला. काय आहे, म्हणून दुकानात विचारलं तर म्हणाला, "विहीर आहे." त्यावरून गावाने ठरवून टाकलं होतं की राजाची मनाई पेन्शनरला लागू नाही. स्तामेनानेही ते मान्य केलं होतं. ती झाहारीच्या निवृत्तीची वाट बघू लागली, आणि इकडे सरकार निवृत्तीचं वय दरवर्षी थोडं थोडं पुढे ढकलू लागलं. मुद्दाम नसावं. सरकारला स्तामेना माहीत असायचं कारण नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये ती विहिरीपाशी पडली. हाड मोडलं नाही, पण छातीचं जुनं दुखणं वर आलं आणि तिने अंथरूण धरलं. डॉक्टर आत जाऊन आला. झाहारी बाकावर होता. नेवेनाही आता साठी उलटलेली, तिचेही पाय दुखतात. ती खोलीतून दारापर्यंत आणि दारातून खोलीपर्यंत निरोप नेत होती.

"तो विचारतोय, औषध घेतलंत का?"

"घेतलं म्हणावं. त्याने जेवण केलंय का?"

"जेवलास का?"

"भूक नाही म्हणावं."

"भूक नाही म्हणतो."

"त्याला म्हणावं, बाप पण असाच म्हणायचा, आणि मग रात्रभर पावाचे तुकडे मोडत बसायचा."

नेवेना दारात आली आणि खालीच बसली. "तुम्ही दोघं ओरडून बोला," ती म्हणाली. "मी काही तारयंत्र नाही."

पण स्तामेनाच्या छातीत ओरडण्याइतकी हवा नव्हती. त्या महिन्यात ती नेवेनाला प्रथमच म्हणाली, "दमले ग मी." मग ते वाक्य तिच्या तोंडी बसलं. डॉक्टरने जाताना बाकाशी थांबून झाहारीला सांगितलं होतं, उन्हाळा निघेल, हिवाळ्याचं मी काही बोलत नाही.

झाहारीची निवृत्ती ऑगस्टात व्हायची होती. मग कळलं, या वर्षीही वय सरकलंय, आता नोव्हेंबर. पेतकाचा उत्सव ऑक्टोबरात. म्हणजे आईच्या जवळ, हंड्यापाशी, पालथ्या चमच्याच्या जागी एकदा तरी बसायचं, तर हाच उत्सव होता, आणि या उत्सवाला तो अंमलदारच असणार होता.

गावात आम्ही आता इतके थोडे उरलो आहोत की सगळे रुसाच्या दुकानात मावतो. रुसा दुकान चालवते, म्हणजे उधारीवर राकिया, आमची फळांची दारू, देते आणि वर आमची अक्कलही काढते. तिथे या प्रश्नावर चर्चा झाली.

"बिनपगारी रजा घ्यावी त्याने," ग्लिगोर म्हणाला. "पगार नाही तर नोकरी कसली?"

"म्हणजे लांडग्याने उपास धरला की तो मेंढरू झाला," रुसा म्हणाली. "मी रजेवर असतानाही मला लोक मध्यरात्री उठवून मीठ मागतात."

"तुझी गोष्ट वेगळी. तू दुकानदार. तू काही सरकार नाहीस."

"सरकार असते तर तुझी उधारी एव्हाना वसूल झाली असती."

"मास्तर, तू सांग," ग्लिगोर माझ्याकडे वळला. "तू पुस्तकं वाचलीत. राजाला काय म्हणायचं होतं?"

मी म्हणालो, राजाला असं म्हणायचं होतं की त्याच्या नोकरांनी साधूंना नागवू नये. जेवायला आलेल्या मुलाला अडवावं, असं त्याच्या मनात असण्याचा संभव कमी आहे.

मग रुसा म्हणाली, "हे तू चाळीस वर्षांत का नाही बोललास?"

"मला कोणी विचारलं नाही."

"बघा," रुसा म्हणाली, "म्हणून शाळा बंद पडली."

माझं मत घेऊन ग्लिगोर मठात गेला. परत येऊन त्याने सांगितलं की स्तामेना सगळं ऐकून घेत होती, मान डोलावत होती, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मला ते माहीत आहे रे. मला काय खुळी समजता?"

उत्सवाचा दिवस गार आणि कोरडा उजाडला. मेंढ्या कापायला पूर्वी सहा माणसं लागायची, या वर्षी मेंढी एकच होती आणि कापणारेही दोनच. हंडा धाकटा काढला होता. मेज मात्र जुनंच, लांबच लांब. त्याच्या एका टोकाला आम्ही बसलो आणि बाकीचं मेज रिकामं पसरलं. स्तामेनाला खुर्चीत बसवून दारात आणलं होतं, खांद्यावर शाल, मांडीवर किल्ल्या. झाहारी चढण चढून आला. तो आता म्हाताराच म्हणायचा. वाटेत दोनदा थांबला. सवयीने बाकाकडे वळला.

"झाहारी," ती म्हणाली. "इकडे ये."

तो दाराशी आला.

"ये आत."

मेजावर आम्ही सगळे ऐकत होतो. ऐकू न येण्याइतकं गाव आता मोठं नाही. झाहारी उंबऱ्याकडे बघत राहिला. दगडी उंबरा, मधोमध झिजून वाटीसारखा झालेला.

"आज नाही, आई."

"मी म्हणतेय ना, ये. किल्ल्या माझ्याकडे आहेत."

"नोव्हेंबरात येतो. थोडेच दिवस राहिलेत."

"नोव्हेंबर मला कोणी सनदेवर लिहून दिलाय?"

"आई," झाहारी म्हणाला. त्याचा आवाज कर कार्यालयाच्या खिडकीतून येतो तसा सपाट होता. "पोरीचा बाप्तिस्मा मी गजांतून बघितला. तू पडलीस तेव्हा बाहेर बसून होतो. आज नुसता पाय उचलून आत आलो, तर मग ते सगळं कशासाठी होतं? तेव्हाही उचलता आला असता की पाय."

स्तामेनाने मांडीवरच्या किल्ल्या चाचपल्या.

"कशासाठीच नव्हतं, बाळा," ती म्हणाली. "एक मेणकापड होतं, त्याच्यासाठी होतं. मी देऊन बसले होते."

"मला नको सांगूस ते."

"बरं. नाही सांगत."

हंड्याशी ग्लिगोर डाव धरून उभा होता. मग त्याने तो झाहारीच्या वाडग्यात ओतला आणि मेजावर ठेवला. चमचा पालथा घालायला गेला.

"पालथा नको घालूस," स्तामेना दारातून म्हणाली. "इकडे आण तो. आणि वाटेत कोणाशी बोलू नकोस."

ग्लिगोर कोणाशी न बोलता वाडगा घेऊन आला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असावं. स्तामेनाने किल्ल्या खुर्चीवर ठेवल्या, वाडगा दोन्ही हातांत धरला आणि उठली. नेवेना धावली. "हात लावू नकोस, सांडेल," स्तामेना म्हणाली. एक पाय उंबऱ्याच्या वाटीत ठेवून ती क्षणभर थांबली, मग दुसरा पाय बाहेर टाकला. दार उघडं होतं, दिवस उत्सवाचा होता, आणि किल्लीवाली बाहेर होती. आमच्यातलं कोणी जागचं उठलं नाही. काय करायचं असतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

ती बाकावर झाहारीच्या शेजारी बसली आणि वाडगा त्याच्या हातात दिला.

"खा. गरम आहे तोवर."

त्याने एक चमचा तोंडात घातला आणि तोंड पोळून घेतलं.

"फुंकून खा की," ती म्हणाली. "लहान आहेस का?"

"सवय नाही," झाहारी म्हणाला.

ते खात बसले. एक चमचा तो, एक ती. तिच्यासाठी दुसरा वाडगा आणायचं कोणाला सुचलंच नाही. मीटर वाचणारा तेवढ्यात चढण चढून आला; उत्सव आमचा, त्याचा कामाचा दिवस होता. त्याने मीटर वाचलं, लिहून घेतलं, आणि त्याला दिसलं की दार सताड उघडं आहे आणि खुर्चीवर नुसत्या किल्ल्या आहेत. आतून मटणाचा वास येत होता. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"स्त्रिना स्तामेना," त्याने मागे वळून विचारलं. आमच्याकडे चुलतीला आणि चुलतीच्या वयाच्या कुठल्याही बाईला स्त्रिनाच म्हणतात. "जाऊ का आत?"

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "मी आज बाहेरची आहे."

त्याने थोडा विचार केला. मग येऊन बाकाच्या टोकाला बसला. "राहू दे," तो म्हणाला. "इथे वारा बरा आहे." वारा अजिबात नव्हता.

स्तामेना नोव्हेंबर पाहून गेली, हे डॉक्टरला आवडलं नसावं. झाहारी निवृत्त झाला, कार्यालयाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तो ते घड्याळ काखेत मारून वर आला. मी सोबत होतो, कारण नेवेनाचे पाय आखडले होते. दारात कोणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. तो उंबऱ्याशी थांबला, बूट पुसले, आणि आत आला. काही झालं नाही. एक कोंबडी बाजूला झाली.

त्याने अक्रोड पाहिला. हंड्याची राख पाहिली. विहिरीत वाकून बघितलं. देवळात जाऊन काचेतल्या फोटोसमोर उभा राहिला; राजाची सही त्यात काळी आली आहे. मग आईच्या खोलीत गेला. खोलीत पलंग, शेगडी आणि एक खिडकी होती, आणि खिडकीतून बाकाचा अर्धा भाग दिसत होता. स्तामेना जागी होती.

"आलास," ती म्हणाली.

"आलो." त्याने इकडे तिकडे पाहिलं. घड्याळ कुठे ठेवावं ते त्याला कळेना. "एवढंच आहे होय? मला फार मोठं वाटायचं."

"बाहेरून मोठंच वाटतं," ती म्हणाली. "बस. दार लोटलंस ना?"

"उघडंच राहिलं बहुतेक. लोटून येऊ?"

तिने डोळे मिटले. "असू दे," ती म्हणाली. "शेगडीत लाकूड घाल आधी. गार पडलीय खोली."